गोधडी, वाकळ आणि कात्रणांचं गाठोडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात शिकायला येणाऱ्या बायका, त्यांच्या बहिणी-जावा, आणि हल्ली फोनवर विचारणारी कॉलेजची मुलंमुली वर्षभर जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. एकदा सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझा भर कापडावर आहे. कापड बोटांना कळायला लागलं की नक्षी, रंग, टाका यांत फारसं अडत नाही.

१. गोधडी, वाकळ, रजई, दुलई यांत फरक काय?

आमच्या साताऱ्याकडे आणि कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, इतर बऱ्याच ठिकाणी गोधडी. दोन्हींत जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या साध्या टाक्याने, शिवलेले असतात. रजई-दुलईत पिंजलेला कापूस भरतात. कापूस पुढे गोळा होतो आणि पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. गोधडीत सरकणारं काही नसतं, म्हणून ती घरी धुता येते. बाळाची छोटी गोधडी म्हणजे दुपटं (प्र. १२).

२. एका गोधडीला किती साड्या लागतात?

एकेरी पलंगाची गोधडी साधारण ६० × ९० इंच धरा. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते आणि पन्हा (रुंदी) ४५ इंचांच्या आसपास असतो. शिवणीची जागा धरून तिचे ९२ इंचांचे दोन तुकडे निघतात, वर थोडी उरते. तीन साड्यांचे असे सहा तुकडे जोडून घेतले की चार थर आरामात होतात. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं, त्याचे तीन तुकडे पडतात आणि एका लुगड्यात दोन थर बसतात. म्हणजे चार थरांना दोन लुगडी.

पंख्याखाली घ्यायची असेल तर तीन थर पुरेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीला पाच-सहा लागतात. सहाच्या वर जाऊ नका, सुई जात नाही आणि धुताना भिजलेली गोधडी उचलवत नाही.

३. कोणती साडी चालते? सुती कोणती हे ओळखायचं कसं?

सुती, आणि भरपूर धुतलेली. जुन्या सुती कापडाचं आटणं होऊन गेलेलं असतं, त्यामुळे गोधडी पहिल्या धुण्यात गोळा होत नाही. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर बाजूला ठेवा. ते घाम शोषत नाहीत, आटत नाहीत, आणि शेजारचं सुती कापड थोडं जरी आटलं तरी मध्ये फुगे येतात.

शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवून. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं, थंड झाल्यावर कडक मणी उरतो. रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात राखही दिसते आणि कडक कणही. असं कापड मी गोधडीत घेत नाही, त्याच्या पिशव्या शिवते.

४. आता घरात लुगडी राहिली नाहीत. मग काय वापरू?

धोतर, सुती चादरी, लुंग्या, मलमलच्या ओढण्या, वायलच्या साड्या, सुती कुर्ते. धोतराचा आतला थर मला सगळ्यांत आवडतो: पातळ, मऊ आणि सुईला सोपा. जाड चादर एकच थर घ्या, तोही तळाला. जीन्स घेऊ नका, सुई आणि मनगट दोन्ही दुखावतात. नवं मांजरपाट आणणार असाल तर आधी खळ निघून जाईपर्यंत धुवा. नव्या कापडाने हरकत येत नाही, फक्त मऊपणा यायला वेळ लागतो.

५. साडी विरलेली आहे, मध्येच फाटते. घेऊ का?

दोन्ही हातांनी धरून उभी ताणा, मग आडवी ताणा. नुसत्या ताणाने चिरत असेल तर ती बाहेरच्या थराला नको, आतही नको. टाक्यांच्या भोवती ती तुटत जाते आणि आत चिंध्यांचे गोळे होतात. सगळी साडी क्वचितच अशी असते. निऱ्यांचा खालचा भाग आणि बसायची जागा विरते, बाकीचं कापड ठणठणीत असतं. विरलेलं कापून बाजूला करा. एखाद-दुसरं भोक असेल तर मागून ठिगळ लावून आतल्या थराला घ्या.

६. सुई-दोरा कोणता? एकूण दोरा किती लागतो?

दोरा सुती आणि जाडसर. पॉलिस्टर दोरा तुटत नाही हे खरं, पण तो जुन्या कापडापेक्षा फार ताकदीचा पडतो आणि काही वर्षांनी कापडच कापतो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड तुटलं तर इलाज अवघड.

सुई लांब, आणि दोरा आरामात ओवला जाईल एवढ्याच नेढ्याची. दाभण नको, त्याने भोकं पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) घाला. सुरुवातीला जड वाटतं, तरी सोडू नका.

६० × ९० च्या गोधडीत एकेक इंचावर उभ्या ओळी घातल्या तर नुसती रेघच १३७ मीटर होते. टाक्याच्या वरखाली जाण्यात आणि गाठींत जाणारा धरून पावणेदोनशे मीटर हाताशी ठेवा. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या तर याच्या दुप्पट. रंगीत दोरा एकदमच आणून ठेवा, पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल असं नाही.

७. थर अंथरताना चुण्या पडतात. काय चुकतं?

बहुतेकदा घाई. हे काम अर्धा दिवस मोकळा ठेवून करावं, आणि शक्यतो दोघींनी.

फरशी झाडून, पुसून, पूर्ण वाळू द्या. सगळे थर इस्त्री केलेले हवेत. तळाचं कापड उलटी बाजू वर करून पसरा आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. त्यावर आतला एकेक थर अंथरा, मधून कडेकडे तळहात फिरवत. आतले थर चारही बाजूंनी इंचभर कमी ठेवा, म्हणजे बाहेरचं कापड आत दुमडायला जागा राहते. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला हवा. एक थर उभा आणि एक आडवा घातला तर दोन्ही वेगवेगळे ताणले जातात. जोडाच्या शिवणी एकावर एक येऊ देऊ नका, तिथे सुई अडते.

वरचं कापड सुलट बाजू वर ठेवून पसरलं की कच्चा दोरा, म्हणजे थर जागेवर धरणारा लांब टाक्यांचा तात्पुरता दोरा, घाला. मधून सुरू करून कडेकडे, एकेक वितीच्या अंतराने, आधी उभा मग आडवा. हा कच्चा दोरा टाळू नका. टाचण्या आणि पिनांवर भागवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, पण काम पावसाळ्यात लांबलं तर पिना गंजतात आणि तो डाग कापडाला जन्मभर राहतो.

८. धावदोरा कुठून सुरू करायचा, आणि टाका किती बारीक हवा?

दोन रीती आहेत. एकीत कडेपासून कडेपर्यंत सरळ ओळी. दुसरीत बाहेरच्या कडेने चौकोन धरून फिरत फिरत आत जायचं, जुन्या वाकळींवर हा चौकोनात चौकोन फार दिसतो. या दुसऱ्या रीतीत वरचं कापड थोडं थोडं आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. कच्चा दोरा नीट असेल आणि दर फेरीला हात फिरवून कापड बसवलं तर येत नाही. पहिल्या गोधडीला सरळ ओळीच घाला.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंडी नावाची गोधडी शिवतात, तिची रीत मला फार शहाणपणाची वाटते. त्या वरचं कापड आधी जोडूनच घेत नाहीत. कोपऱ्यापासून सुरू करून एकेक तुकडा कड दुमडून ठेवत, शिवत आत जातात. तुकडा जागेवरच बसवल्यामुळे जास्तीचं कापड मध्ये गोळा होत नाही. शेवटी कोपऱ्यांना घडीच्या कापडाची फुलं लावतात. उत्तर कर्नाटकात याच कुळातली कौदी असते. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनीही धावदोऱ्याचीच.

टाका बारीक असण्यापेक्षा एकसारखा असू द्या. चार थरांतून इंचाला दोन-तीन टाके दिसले तरी पुष्कळ. मागची बाजू सारखी पाहत राहा. वर सुंदर आणि खाली टाका सुटलेला, असं नवशिक्यांच्या हातून फार होतं.

९. मशीनवर शिवली तर ती गोधडी नाही का?

गोधडीच आहे. पायमशीनवर शिवलेल्या उत्तम गोधड्या गावोगाव आहेत आणि त्या टिकतातही. फरक अंगावर घेतल्यावर कळतो: मशीनची टीप सलग आणि घट्ट असते, त्यामुळे गोधडी थोडी ताठ राहते. टीप लांब ठेवा आणि ओळींतलं अंतर दोन-तीन इंच घ्या, मग बरीच मऊ पडते. तुकडे जोडणं आणि गोट (कडेची पट्टी) लावणं मी स्वतः मशीनवर करते. गोटाची पट्टी उरेब (धाग्यांना तिरपी) कापा, कोपऱ्यावर वळते आणि लवकर झिजत नाही. आतले थर जोडणारा दोरा मात्र हाताचाच घालते.

१०. कात्रणं साठून साठून कपाट भरलं आहे. लावायची कशी?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक जणी रंगाप्रमाणे लावतात, दिसायलाही छान दिसतं, पण शिवायला बसल्यावर त्या लाल ढिगात सुती, रेशीम, पॉलिस्टर एकत्र निघतं आणि पुन्हा निवडत बसावं लागतं. मी आधी कापडाच्या जातीप्रमाणे लावते: पातळ सुती, जाड सुती, रेशीम आणि खण, आणि बाकी सगळं. मग प्रत्येकात आकाराप्रमाणे. रंग सगळ्यांत शेवटी, तोही फक्त पातळ सुतीत, कारण तिथेच तुकडे सगळ्यांत जास्त असतात.

आकाराच्या तीन पायऱ्या पुरतात. ज्यातून पाच इंचांचा चौकोन निघतो ते तुकडे, पट्ट्या (यात साडीचे काठ वेगळे गुंडाळून), आणि त्याहून लहान. तुकडा आला की त्याच दिवशी चौकोन किंवा पट्टी कापून ठेवा. वेड्यावाकड्या कात्रणांचं गाठोडं कुणी सोडत नाही, पण कापलेल्या चौकोनांची चळत समोर असली की दुपारी अर्धा तास मिळाला तरी दहा चौकोन जोडून होतात.

शिंप्याकडून आणलेली कात्रणं घरच्या ढिगात लगेच मिसळू नका. ती नवी असतात, आटायची आणि रंग सोडायची बाकी असतात. जाळीच्या पिशवीत घालून आधी धुवा. पाच इंचांखालचे सुती तुकडे गोधडीला ठिगळं म्हणून कामाला येतात. बोटभर चिंध्या आणि सगळं पॉलिस्टर मी लोड-तक्क्यांत भरते. आणि ज्याला हात लावायला दोन पावसाळ्यांत जमलं नाही ते शेजारणीला द्या. कापड पडून राहिलं की घड्यांवर विरतं.

११. चौकोनांची गोधडी करायची तर हिशोब कसा करायचा?

पाव इंच शिवण धरली तर प्रत्येक चौकोन दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा इंच कमी होतो. पाच इंचांचा कापला तर साडेचार उरतो. ३६ × ४५ इंचांच्या दुपट्याला आडवे ८ आणि उभे १० असे ८० चौकोन लागतात. ६० × ९० ला आडवे १४ आणि उभे २० घ्या, म्हणजे २८० चौकोन, आणि माप ६३ × ९० येतं. आधी आडव्या ओळी जोडा. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबा, पुढच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे ओळी जोडताना कोपरे बरोबर जुळतात.

१२. बाळाच्या दुपट्यासाठी वेगळं काय पाहायचं?

फक्त मऊ सुती, दोन किंवा तीन थर. जर, टिकल्या, मणी, बटण काही नको. गाठी थरांच्या आत दडवा. रंग जाणारं कापड अजिबात नको (प्र. १५), आणि दुपट्याजवळ डांबरगोळ्या ठेवूच नका.

एक गोष्ट मी दुपटं देताना प्रत्येक आईला सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते नाकातोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. दुपटं मांडीवर घेताना, तेल लावताना, बाळ जागं असताना जमिनीवर खेळायला वापरा. घरातली मोठी माणसं रागावतील, तरी ऐकू नका.

१३. वर्षात कोणतं काम कधी करावं?

आमच्याकडचं हवामान धरून सांगते. संक्रांतीनंतर कपाटं उपसायची, साड्या धुऊन वाळवायच्या, निवडायच्या. चैत्र-वैशाखात थर अंथरायचे आणि कच्चा दोरा घालायचा, कारण फरशी आणि कापड दोन्ही कोरडं हवं. मुलांना सुट्टी असते, म्हणून माझे वर्गही तेव्हाच. मृग लागायच्या आत कच्चा दोरा झालेला असावा, मग पावसाळाभर धावदोरा घालत बसता येतं. पावसाळ्यात नव्या थरांना हात लावू नये, दमट कापड आत बंद झालं की वास कधीच जात नाही. ते दिवस चौकोन जोडायचे. नवरात्रात घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली रीत आहेच. दिवाळीपर्यंत द्यायच्या गोधड्या हातावेगळ्या करायच्या.

कोकणात हेच सगळं आणखी लवकर उरकावं लागतं.

१४. गोधडी धुवायची कशी? मशीनमध्ये चालते का?

कोरड्या गोधडीचं वजन मशीनच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी असेल तर चालते, सौम्य फेऱ्यावर. नाहीतर मोठ्या टबात गार पाणी आणि सौम्य साबण, अर्धा तास भिजवून पायांनी तुडवायची. ब्रश नको, पिळणं नको. कठड्यावर घडी करून पाणी निथळू द्या, मग दोन समांतर दोऱ्यांवर टाका म्हणजे भार वाटला जातो. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधले टाके ताणतात. उन्हाकडे मागची बाजू करा.

१५. रंग जाणारं कापड मिठाच्या पाण्यात ठेवलं तर पक्कं होतं ना?

नाही. हल्लीच्या कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. पांढरा ओला फडका घासून पाहा. रंग लागला तर ते कापड वेगळं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चार-पाच धुण्यांनंतरही रंग येतच असेल तर गोधडीत घेऊ नका, कितीही आवडलं तरी. शिवून झाल्यावर रंग पसरलेला दिसला तर गोधडी वाळू देऊ नका, लगेच भरपूर गार पाण्यात पुन्हापुन्हा बुडवा. वाळलेला डाग निघणं फार अवघड.

१६. कसर लागू नये म्हणून काय करायचं?

खळ घातलेलं कापड ठेवू नका, कसर खळीवरच येते. धुऊन, कडकडीत वाळवून, सुती खोळीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवता येतो. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेघांवर घाला.

१७. आई गेली. तिच्या साड्यांची गोधडी करायची आहे. कशी सुरुवात करू?

लगेच कापू नका. आधी घरातल्या सगळ्यांशी बोला. काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकायची रीत असते, काही घरांत एखादी मावशी एकच साडी मागणार असते आणि ती कापल्यावर तिला कळतं. ज्याला जी हवी ती अख्खी देऊन झाली की उरलेल्या साड्यांचे उलगडलेले फोटो काढा, काठपदरासकट.

गोधडीला तिच्या रोजच्या सुती साड्याच घ्या. लग्नकार्याच्या भारी साड्यांत ती फार थोडी वावरली असते. बहीणभावंडं अनेक असतील तर एकाच साडीचे काठ सगळ्यांच्या गोधड्यांना लावता येतात, हे मी पुष्कळ घरांसाठी केलं आहे आणि त्यावरून कधी वाद झाला नाही.

वासाबद्दल हमखास विचारतात. तो पहिल्या धुण्यात जातो आणि न धुतलेल्या कापडाची गोधडी करता येत नाही. वास हवा असेल तर एक साडी न धुता, न कापता वेगळी ठेवा.

१८. पैठणी किंवा रेशमी साडी गोधडीत घालू का?

पांघरायच्या गोधडीत नको. जर टोचते, घडीवर तुटते, आणि घरच्या धुण्यात रेशीम टिकत नाही. तिची पातळ अस्तराची शोभेची चादर करा किंवा भिंतीवर लावा. खणाचे सुती तुकडे मात्र काठाला खुशाल लावा.

१९. मला शिकवायला सुरुवात करायची आहे. पहिल्या दिवशी काय घ्यावं?

कापड. डोळे मिटून बोटांनी सुती, मिश्र, रेशीम ओळखायचं, मग ओढून पाहायचं (प्र. ५). सुई दुसऱ्या दिवशी. पहिलं काम १८ इंचांचं तीन थरांचं आसन. त्यात अंथरणं, कच्चा दोरा, धावदोरा, कड दुमडणं सगळं येतं आणि आठवड्यात हातात काहीतरी पूर्ण होतं. एका अंथरलेल्या गोधडीभोवती बसतील तेवढ्याच जणी घ्या, जास्त नको. डावखुऱ्या मुलीला शेजारी बसवू नका, समोर बसवा, म्हणजे तुमचा हात तिला आरशातल्यासारखा दिसतो. वर्गात एखादी आजी असेल तर टाका तिलाच दाखवू द्या.

२०. विकायची तर किंमत किती लावू?

कापड, दोरा, धुलाई आणि तास. तास लिहून ठेवा, निवडण्याचे आणि अंथरण्याचेही. समजा ५० तास गेले आणि तासाला १०० रुपये धरले, तर मजुरीच ५,००० होते. बाजारात छापील कापडाची मशीनवरची गोधडी स्वस्त मिळते असं गिऱ्हाईक सांगेल. त्याला तास दाखवा. कमी करायचं असेल तर ओळी विरळ करा, हाताची मजुरी पाडू नका. आपण पाडली की गावातल्या सगळ्याच शिवणारणींची पडते.

२१. मुलगी अमेरिकेत आहे. तिकडे नेता येईल का?

येईल. विमानातल्या मोठ्या बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते, म्हणून तीन थरांचीच करा आणि हवा काढायच्या पिशवीत प्रवासापुरती घाला, पोचल्यावर लगेच बाहेर काढायला सांगा. तिकडे कपडे वाळवायचं मशीन वापरतात. त्याच्या गरम हवेत सुती कापड आटतं, म्हणून हवेवर वाळवायला सांगा.

२२. आजीची वाकळ विरली आहे, पण टाकवत नाही. काय करता येईल?

उसवू नका, आतलं काही हाताला लागत नाही. पातळ असेल तर धुऊन, भोकांना ठिगळं लावून, दोन्ही बाजूंनी नवं-जुनं सुती कापड घाला आणि जुन्या ओळींच्या मधून नवा धावदोरा घ्या. आमच्याकडे अशा एका वाकळेच्या पोटात दुसरी वाकळ असलेल्या पुष्कळ निघतात. जाड असेल तर वर थर चढवू नका, खाली अंथरायला ठेवा. फारच विरली असेल तर चांगला भाग कापून आसनं करा. कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची दुहेरी टीप घाला, नाहीतर कात्री लागताच जुना दोरा सुटत जातो. कापलेल्या कडेला उरेब गोट लावा (प्र. ९).